हवा भरली, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा का जात नाही? टायरमधल्या सेन्सरची गोष्ट, परळीच्या थंडीपासून जर्मनीच्या बर्फापर्यंत

डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी सुरू केली की अनेकांच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि त्यात उद्गारचिन्ह. दुपारी तोच दिवा आपोआप विझतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर.

परळी वैजनाथसारख्या गावात मग दोनच निष्कर्ष निघतात. एक, कुठंतरी बारीक पंक्चर आहे. दोन, सेन्सर बिघडला आहे, दुर्लक्ष करा. बऱ्याचदा दोन्ही चुकीचे असतात. पण दिव्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागली, की ज्या दिवशी खरंच हवा उतरलेली असते त्या दिवशीही तो कुणी बघत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी गाडी मुक्कामाला पोहोचण्यासाठी महामार्गावर शंभरच्या वेगाने धावत असू शकते.

हा दिवा ज्या यंत्रणेचा आहे तिचं नाव टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम, म्हणजे टीपीएमएस. ती कशी चालते, थंडीत का ओरडते, आणि चाकं बदलल्यावर तिचा गोंधळ का होतो, हे समजून घेऊ.

टीपीएमएस म्हणजे नेमकं काय?

टायरमधली हवा ठरलेल्या पातळीच्या खाली गेली की चालकाला सांगणं, एवढंच या यंत्रणेचं काम. ते करण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली थेट पद्धत. यात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीपेक्षा लहान असा एक सेन्सर बसवलेला असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. ज्या गाडीच्या स्क्रीनवर चारही टायरचे वेगवेगळे आकडे दिसतात, तिच्यात ही पद्धत आहे असं समजावं. ह्युंदाई आणि किया यांच्या माहितीपत्रकांत 'हायलाइन' हा शब्द याच अर्थाने येतो.

दुसरी अप्रत्यक्ष पद्धत. यात चाकात काहीच बसवलेलं नसतं. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत आधीपासून असतात. त्यांच्याच माहितीवर गणित केलं जातं. हवा कमी झाली की टायर थोडा बसतो आणि त्याची फिरण्याची त्रिज्या कमी होते. तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला इतर तिघांपेक्षा जरा जास्त फेरे घ्यावे लागतात. हा फरक दिसला की गाडी दिवा लावते. नव्या गाड्यांत चाकाच्या कंपनांचाही अभ्यास होतो. या प्रकारात आकडे सहसा दिसत नाहीत, फक्त दिवा लागतो. मेनूमध्ये 'सेट' किंवा 'रीसेट' असा पर्याय असतो.

आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे माहीत असणं महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

चाकातला सेन्सर गाडीशी बोलतो कसा?

थेट पद्धतीच्या सेन्सरमध्ये चार गोष्टी असतात: दाब मोजणारी चिप, चाक फिरतंय की थांबलंय हे ओळखणारी चिप, छोटा ट्रान्समीटर आणि लिथियमची बॅटरी.

गाडी उभी असताना सेन्सर जवळपास झोपलेला असतो. चाक फिरू लागलं की तो जागा होतो आणि साधारण दर मिनिटाला एक निरोप पाठवतो. दाब झपाट्याने उतरत असेल तर मिनिटभर न थांबता लगेच कळवतो. या काटकसरीमुळे बॅटरी ५ ते १० वर्षं टिकते. ती सेन्सरमध्येच बंद केलेली असते, त्यामुळे संपली की सहसा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

प्रत्येक निरोपासोबत सेन्सर आपला ओळख क्रमांकही पाठवतो. रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या गाडीचे सेन्सरही त्याच लहरींवर बोलत असतात. ट्रॅफिकमध्ये शेजारच्या गाडीचा टायर बसला म्हणून आपल्या गाडीत दिवा लागू नये, यासाठी गाडी फक्त आपल्या चार क्रमांकांचंच ऐकते. मोबाइलमध्ये सेव्ह केलेल्या नंबरांसारखंच हे आहे. यादीत नसलेल्या नंबरचा फोन गाडी उचलतच नाही.

चाकं बदलल्यावर होणाऱ्या गोंधळाचं मूळ या क्रमांकातच आहे. पण त्याआधी थंडीचा प्रश्न.

थंडीत दिवा का लागतो?

बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला हा नियम टायरलाही लागू आहे. कारच्या टायरसाठी ढोबळ हिशेब असा: तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो.

परळीसाठी हे गणित मांडून बघू. मे महिन्यात इथं दुपारी पारा चाळिशीच्या पुढे जातो. समजा, ४२ अंशांच्या दुपारी टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली. जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंशांवर आला. तापमानात ३० अंशांचा फरक पडला. तेवढ्यामुळेच दाब सुमारे साडेचार पीएसआयने उतरून साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो. पंक्चर नसताना, व्हॉल्व्ह धड असताना.

त्यात भर म्हणजे रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय कमी होतो. दिवाळीनंतर कुणी हवाच तपासली नसेल, तर जानेवारीत आकडा पंचविशीवर येऊ शकतो.

दिवा कधी लावायचा याची पातळी गाडीनुसार बदलते. अमेरिकेच्या नियमात ती शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. ३३ पीएसआयच्या टायरसाठी ती पावणेपंचविसाच्या आसपास येते. म्हणजे पहाटे दिवा लागणं स्वाभाविक आहे. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालली की टायर तापतो, दाब वाढतो आणि दिवा विझतो.

दिवा विझला म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र नाही. टायरमध्ये हवा कमीच आहे. उष्णतेने फक्त आकडा तात्पुरता वर नेला आहे. थंडीत दोन-तीनदा असं झालं, तर पहाटे हवा तपासून भरून घेणं एवढाच उपाय आहे.

अप्रत्यक्ष पद्धतीत इथं एक त्रुटी आहे. ती मुख्यतः चार चाकांची एकमेकांशी तुलना करते. थंडीमुळे चारही टायर सारखेच उतरले, तर जुन्या प्रणालींना फरकच दिसत नाही आणि दिवा लागत नाही. अशा गाडीच्या मालकाने 'दिवा नाही म्हणजे हवा ठीक' असं धरून चालू नये.

बर्फाच्या देशात चाकांचा दुसरा सेट

परळीत थंडीमुळे दाब बदलतो. जर्मनी, स्वीडन किंवा कॅनडात थंडीमुळे चाकंच बदलावी लागतात.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा हिम असेल तर हिवाळी दर्जाचे टायर असावेच लागतात. चाकण-पिंपरीतून नोकरीसाठी म्युनिक किंवा स्टुटगार्टला गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच ऑक्टोबरमध्ये हा खर्च समजतो.

तिथले बरेच लोक दरवर्षी रिमवरून टायर उतरवत-चढवत बसत नाहीत. ते रिमसकट दुसरा सेटच ठेवतात. ऑक्टोबरमध्ये एक सेट काढायचा, दुसरा लावायचा, वसंतात पुन्हा उलट.

पण सेन्सर असतात रिमवर. चाकं बदलली की गाडीच्या ओळखीचे चारही सेन्सर गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. गाडी त्यांना शोधत राहते आणि शेवटी बिघाडाचा दिवा लावते. यातून तीन मार्ग निघतात.

पहिला, हिवाळी सेटमध्येही सेन्सर बसवणं आणि गाडीला त्यांची ओळख करून देणं. बऱ्याच गाड्या हे स्वतः शिकतात. चाकं बदलून काही वेळ गाडी उभी ठेवायची, मग दहा-वीस मिनिटं चालवायची. कायम आपल्यासोबत फिरणारे चार नवे क्रमांक कोणते, हे गाडी ओळखते. काही गाड्यांना मात्र मेकॅनिकच्या स्कॅनरनेच नवे क्रमांक द्यावे लागतात.

दुसरा, नक्कल करणं. बाजारात कोरे सेन्सर मिळतात. उन्हाळी सेन्सरचा क्रमांक त्यांच्यात जसाच्या तसा उतरवता येतो. मग गाडीला चाकं बदलल्याचा पत्ताच लागत नाही. यात एक पथ्य आहे. जुळ्या क्रमांकांचे दोन्ही सेट एकाच वेळी गाडीत नसावेत. डिकीत ठेवलेली चाकं आणि रस्त्यावरची चाकं एकाच नावाने वेगवेगळा दाब सांगू लागली, तर यंत्रणा गोंधळते.

तिसरा, सेन्सर न बसवता दिवा लागलेला सहन करणं. जिथं टीपीएमएस सक्तीची आहे, त्या युरोपीय देशांत हा मार्ग अडचणीचा ठरतो. कारण हिवाळ्यातही यंत्रणा चालू असणं अपेक्षित असतं.

अप्रत्यक्ष पद्धतीच्या गाडीला यातलं काहीच करावं लागत नाही. चाकं बदला, हवा नीट भरा आणि रीसेट करा. झालं.

परळीत बर्फ नाही, मग याचा काय संबंध?

परळीत कुणी हिवाळी चाकं बसवत नाही. पण 'गाडीला अनोळखी चाक' हा प्रसंग इथंही वारंवार येतो. तीन ठिकाणी.

स्टेपनी: बहुतेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो. पंक्चर झालं, स्टेपनी लावली, हवा अगदी बरोबर आहे, तरी दिवा लागतो. तो हवेचा नसून 'चौथा सेन्सर सापडत नाही' असं सांगणारा असतो. मूळ चाक परत बसवल्यावर तो काही किलोमीटरांत जातो. पंक्चर झालेलं चाक डिकीत टाकून तसंच फिरत राहिलं, तर डिकीतला सेन्सर शून्याजवळचा दाब सांगत राहू शकतो, हेही लक्षात ठेवावं.

अलॉय व्हील: नवी गाडी घेतली की काही जण बाहेरून मोठे अलॉय बसवतात आणि मूळ चाकं विकून टाकतात. मूळ रिमसोबत सेन्सरही जातात. नंतर नवे सेन्सर विकत घेण्याची वेळ येते. त्यामुळे चाकं विकण्याआधी सेन्सर काढून घ्यावेत आणि ते नव्या रिमला बसतात का, हे पाहून घ्यावं.

चाकांची अदलाबदल: टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाकं मागे टाकली जातात. ज्या गाड्या सेन्सरची जागा स्वतः ओळखत नाहीत, त्यांत स्क्रीनवर पुढच्या डाव्या टायरचा आकडा म्हणून मागच्या टायरचा आकडा दिसत राहतो. हवा एका टायरमध्ये कमी आणि भरली जाते दुसऱ्याच टायरमध्ये, असा प्रकार होतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सेन्सर मागवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेत बरेच सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. युरोपात आणि भारतात ४३३ मेगाहर्ट्झचे वापरले जातात. दिसायला दोन्ही सारखेच, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

दिव्याचे दोन अर्थ

बहुतेक गाड्यांत हा एकच दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

गाडी सुरू केल्यावर दिवा लागून स्थिर राहिला, तर हवा कमी आहे.

आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे. सेन्सरची बॅटरी संपली असेल, सेन्सर तुटला असेल किंवा अनोळखी चाक बसवलं असेल. अशा वेळी हवा भरून दिवा जाणार नाही. पण हवा ठीक आहे की नाही, हेही गाडीला कळत नाही. त्यामुळे साध्या गेजने हवा मोजून मगच निघावं.

चालत्या गाडीत दिवा अचानक लागला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली, तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरून, वेग हळूहळू कमी करत सुरक्षित जागी थांबावं.

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी' हे खरं की खोटं?

खोटं, आणि धोकादायक.

उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, म्हणून आधीच दोन-चार पीएसआय कमी ठेवली की टायर फुटणार नाही, असा समज मराठवाड्यात सगळीकडे ऐकू येतो. प्रत्यक्षात टायर फुटण्याचं एक मोठं कारण कमी हवा हेच आहे.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा ताठ होते. तार वाकवत राहिलं की ती गरम होते, तसंच टायरच्या आत घडतं. वेग जास्त, गाडीत पाच-सहा माणसं, वर सामान आणि खाली तापलेला रस्ता. आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतले धागे-तारा यांची पकड सुटते आणि टायर फाटतो.

दाब वाढण्याचा विचार कंपनीने आधीच केलेला असतो. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. चालल्यावर तो ४ ते ६ पीएसआयने वाढणं गृहीतच धरलेलं आहे. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये. टायर थंड झाल्यावर तो धोकादायक पातळीला खाली येतो.

परळीकरांसाठी हा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा आहे. मुंबई किंवा नागपूर गाठायला जालन्याजवळून समृद्धी महामार्गावर चढता येतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी टप्प्यापासून सुरू झालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. अंबाजोगाईच्या पंचवीसेक किलोमीटरांच्या फेरीत कमी हवेचा टायर निभावून नेतो. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर, भर उन्हात, तासन् तास एकाच वेगाने धावताना तो निभावत नाही. रस्ता सुरू झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा वाढली, तेव्हा परिवहन विभागाने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती.

नायट्रोजन भरल्याने हा प्रश्न सुटत नाही. आपल्या साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो.

ही यंत्रणा आली कुठून आणि भारतात नियम काय?

१९८६च्या पोर्शे ९५९ या महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये टायरचा दाब पाहण्याची यंत्रणा होती. ती सामान्य गाड्यांत आली ती एका मोठ्या वादानंतर. अमेरिकेत प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर फाटून गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २०००मध्ये लाखो टायर परत मागवले गेले. या अपघातांशी २७० हून अधिक मृत्यू जोडले गेले. त्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि २००७च्या सप्टेंबरपासून बनलेल्या सर्व हलक्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून प्रत्येक नव्या कारला ती लागू झाली.

भारतात २० जुलै २०२०च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले आणि ते १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झाले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत टीपीएमएस बसवली असेल, तर ती एआयएस-१५४ या मानकाप्रमाणे हवी, असं त्यात ठरलं. या नियमाने सर्व गाड्यांना टीपीएमएसची सक्ती केली नाही.

त्यातली दुसरी तरतूद ग्राहकांच्या थेट कामाची आहे. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टीपीएमएस या तीनही गोष्टी असतील, तर अशा प्रवासी गाडीला स्टेपनी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. जागा आणि वजन वाचतं, हे खरं. पण किटमधलं सोल्युशन बाभळीच्या काट्याचं किंवा खिळ्याचं छिद्र बुजवतं. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजूच फाटली, तर ते उपयोगी पडत नाही. रात्री आडरस्त्यावर मग गाडी उचलून नेण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून गाडी घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे का, हे पाहणं शहाणपणाचं.

पंक्चरच्या दुकानात काय सांगायचं?

थेट सेन्सर सर्वांत जास्त तुटतात ते टायर उतरवताना. मशिनचा दाब नेमका व्हॉल्व्हजवळ पडला, की आतला सेन्सर चिरडतो. टायर उतरवण्याआधीच 'आत सेन्सर आहे' एवढं सांगितलं, तर कारागीर व्हॉल्व्हची बाजू सांभाळतो. पहारीने टायर उचकटणाऱ्या रस्त्याकडेच्या दुकानात हे आवर्जून सांगावं.

पंक्चर झाल्यावर द्रव सोल्युशन ओतलं असेल, तर तेही सांगावं. ते सेन्सरच्या छिद्रात जाऊन सुकलं, की आकडा चुकतो. टायर उघडल्यावर सेन्सर पुसून घेता येतो.

धातूच्या व्हॉल्व्हवर शोभेच्या धातूच्या टोप्या लावू नयेत. ओल आणि धूळ जाऊन त्या गंजतात, घट्ट बसतात आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. प्लॅस्टिकची साधी टोपी उत्तम.

हवा भरून झाल्यावर अप्रत्यक्ष पद्धतीची गाडी रीसेट करायला विसरू नये. पण क्रम महत्त्वाचा. आधी चारही टायरमध्ये योग्य हवा, मग रीसेट. हवा कमी असताना दिवा घालवण्यासाठी रीसेट केलं, तर गाडी कमी हवेलाच योग्य समजू लागते आणि पुढचा इशारा उशिरा देते.

जुन्या गाडीला टीपीएमएस बसवता येते का?

येते. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बाहेरून लावायचा असतो आणि छोटी स्क्रीन डॅशबोर्डवर ठेवायची असते. टायर उघडावा लागत नाही, त्यामुळे घरीच बसवता येतं. तोटा असा, की सेन्सर बाहेर असल्याने चोरीला जाऊ शकतो आणि नीट आवळला नाही तर त्यातूनच हवा गळते. दुसऱ्या प्रकारात सेन्सर आत बसतो. तो जास्त सुरक्षित, पण टायर उतरवावा लागतो.

दोन्हींत बसवल्यावर आधी आपल्या गाडीची योग्य हवा आणि इशाऱ्याची पातळी भरावी लागते. कंपनीकडून आलेले आकडे तसेच ठेवले, तर इशारा चुकीच्या वेळी येतो.

टीपीएमएस काय सांगत नाही?

ही यंत्रणा फक्त दाब बघते. टायर गुळगुळीत झालाय, बाजूला फुगा आलाय किंवा रबराला चिरा पडल्यात, हे तिला दिसत नाही. खोबणीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा. टायरच्या बाजूला छापलेल्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सेकंड हँड गाडी घेताना हा आकडा जरूर वाचावा.

इशाऱ्याची पातळीही उशिराची असते. ३३च्या टायरमध्ये २७ हवा असेल, तर अनेक गाड्यांत दिवा लागणार नाही, पण टायर झिजत आणि तापत राहील.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

- हवा पहाटे किंवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजावी. साधा गेज गाडीत ठेवावा. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी तपासणी हवीच.

- पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापला असेल, तर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजावी. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

- महाशिवरात्रीला किंवा श्रावणात वैजनाथाच्या दर्शनाला भरगच्च गाडी घेऊन निघताना स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा बघावा. तो बऱ्याचदा वेगळा असतो, विशेषतः मागच्या टायरसाठी.

- दिवाळीनंतर थंडी सुरू होताना एकदा हवा भरून घ्यावी. फेब्रुवारीअखेर ऊन वाढू लागलं की पुन्हा मोजावी.

- स्थिर दिवा दिसला तर हवा तपासावी. लुकलुकून स्थिर झाला तर हवा गेजने मोजून सेन्सर तपासून घ्यावा.

- चाक, रिम किंवा टायर बदलला की गाडीला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी किंवा यंत्रणा रीसेट करावी. मॅन्युअलमध्ये आपल्या गाडीची नेमकी पद्धत दिलेली असते.